कायोटीसाठी अतिवेगवान रायफल बनवून घ्यायची आहे? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेत स्थायिक झालेली काही मराठी मंडळी आता शिकारीकडे वळली आहेत. त्यातही टेक्सास, व्हायोमिंग किंवा कॅन्ससच्या मोकळ्या रानात कायोटीमागे जाणारे बरेच आहेत. पहिली दुकानातली रायफल दोन-तीन हंगाम वापरून झाली की पुढचा विचार ठरलेला असतो: आता खास आपल्यासाठी, सर्वांत वेगवान गोळी फेकणारी रायफल बनवून घेऊ. त्या टप्प्यावर जे प्रश्न येतात, त्यांची उत्तरं इथे आहेत. माझं मत स्पष्ट आहे. वेग चांगला, पण त्याची किंमत नळी, वारा आणि पाकीट या तिघांनाही मोजावी लागते. ती समजून घेऊनच ऑर्डर द्यावी.

कायोटी म्हणजे नेमका कोणता प्राणी? आपला कोल्हाच ना?

कुळ एकच, पण जात वेगळी. कायोटी हा उत्तर अमेरिकेचा प्राणी. पश्चिमेकडच्या कोरड्या मुलखातला कायोटी साधारण दहा ते पंधरा किलोंचा असतो, ईशान्येकडचा त्याहून थोराड. लांडग्यांना माणसाने जवळपास संपवलं आणि त्यांची मोकळी झालेली जागा कायोटीने घेतली. आज तो अलास्कापासून पनामापर्यंत सापडतो. शिकागो आणि लॉस एंजेलिससारख्या शहरांतही त्याने बस्तान बसवलं आहे.

शिकाऱ्याच्या दृष्टीने लक्षात ठेवायची गोष्ट वेगळीच आहे. हिवाळ्यात दाट केसांमुळे तो जेवढा दिसतो, तेवढा आत नसतो. अंगावरचे केस हाताने दाबून पाहिले तर खाली अरुंद छातीचा, सडसडीत प्राणी लागतो. हृदय आणि फुप्फुसं मिळून नेम धरायची जागा जेमतेम चार-पाच इंचांची. रायफलीबद्दलच्या पुढच्या सगळ्या चर्चेचा उगम या चार-पाच इंचांत आहे.

एवढ्याशा प्राण्यासाठी इतका वेग कशाला?

गोळी नळीतून सुटल्याक्षणी खाली पडायला लागते. वेग जास्त म्हणजे हवेतला वेळ कमी, आणि वेळ कमी म्हणजे पडझड कमी. पूर्वी शिकाऱ्याला अंतर डोळ्यांनीच जोखावं लागे. गवताळ माळावर २५० यार्ड आणि ३२५ यार्ड यांतला फरक भल्याभल्यांना कळत नाही. गोळी सपाट जात असेल तर अंदाज चुकला तरी नेम त्या चार-पाच इंचांत राहतो. अतिवेगाचा हट्ट मुळात इथून आला आणि त्या काळी तो रास्त होता.

दुसरं कारण परिणामाचं. हलकी, पातळ आवरणाची गोळी प्रचंड वेगाने छातीत शिरली की आत फुटते आणि प्राणी जागच्या जागी कोसळतो. जखमी होऊन झुडपात पळालेला कायोटी शोधणं फार अवघड, आणि त्याचे हाल कोणत्याही शिकाऱ्याला सहन होऊ नयेत.

पण १९९० च्या दशकात लेसरने अंतर मोजणारी यंत्रं सामान्य शिकाऱ्याच्या खिशात आली आणि पहिलं कारण बरंचसं मावळलं. एक बटण दाबलं की अंतर यार्डात समोर येतं. तेव्हा अतिवेगवान रायफल जो प्रश्न सोडवायला जन्मली, तो आता खिशातलं यंत्र सोडवतं. त्याच रायफलीने निर्माण केलेले प्रश्न मात्र तुमच्याकडेच राहतात. ऑर्डर देण्याआधी एवढा एकच मुद्दा शांतपणे विचारात घ्या.

अतिवेगवान म्हणजे नेमका किती वेग?

या जगात वेग फूट प्रति सेकंदात मोजतात. ५५ ग्रेनची गोळी फेकणारी साधी .२२३ रेमिंग्टन (हे काडतुसाचं नाव; सुरुवातीचा आकडा साधारणपणे गोळीची इंचातली जाडी) सुमारे ३,२४० फूट देते. .२२-२५० रेमिंग्टन त्याच वजनाला ३,६८० च्या आसपास. ४,००० फूट म्हणजे सेकंदाला १,२१९ मीटर, आवाजाच्या साडेतीनपट. शिकारी बोलताना ‘अतिवेगवान’ म्हणतात ते या ४,००० च्या रेषेपलीकडे. ५५ ग्रेन म्हणजे साडेतीन ग्रॅमच्या आसपास, हेही ध्यानात असू द्या. एवढ्या हलक्या तुकड्याकडून आपण हे सारं काम करून घेतो.

हा वेगाचा नाद कधीपासून लागला?

१९१५ मध्ये चार्ल्स न्यूटन यांनी सॅव्हेज कंपनीसाठी रचलेलं .२५०-३००० हे काडतूस आलं. नावातला ३००० हा आकडा वेगाचाच. ८७ ग्रेनची गोळी ३,००० फुटांनी जाते, हीच त्याची जाहिरात होती. १९३५ मध्ये विंचेस्टरने .२२० स्विफ्ट आणलं. ४८ ग्रेनची गोळी, ४,११० फूट. कारखान्यात तयार झालेल्या काडतुसाने ४,००० ची रेषा पहिल्यांदा ओलांडली ती तेव्हा. स्विफ्टचं कवच, म्हणजे दारू भरायची पितळी पुंगळी, ६ मिलिमीटर ली नेव्ही या जुन्या नौदलाच्या काडतुसावरून घेतलेलं होतं.

दरम्यान हौशी कारागिरांनी .२५०-३००० चं तोंड आवळून त्यात .२२ ची गोळी बसवली होती. ती घरगुती जात इतकी लोकप्रिय झाली की १९६५ मध्ये रेमिंग्टनने तिला अधिकृत केलं. तीच .२२-२५०. मग १९७१ मध्ये .१७ रेमिंग्टन आलं, २५ ग्रेनच्या चिमुकल्या गोळीचं. २००४ मध्ये .२०४ रूगर आलं. ३२ ग्रेनची गोळी आणि ४,२२५ फुटांचा जाहिरातीतला वेग.

सगळ्यांत टोकाचा प्रयोग पी. ओ. ॲक्ली या नामांकित बंदूक कारागिराचा. हत्ती-गव्यासाठी वापरल्या जाणाऱ्या .३७८ वेदरबी मॅग्नमचं भलंमोठं कवच त्यांनी .२२ च्या गोळीपर्यंत आवळलं. उद्देश ५,००० फूट गाठायचा होता, पण गोळी ४,६०० च्या आसपासच थांबली. गोळीमागे अमाप दारू जाळूनही एका मर्यादेपुढे वेग वाढत नाही, कारण जळता वायू स्वतःलाही ढकलत नेत असतो आणि नळीचं भोक तेवढंच अरुंद राहतं. या प्रयोगाचं हे फलित मला फार मोलाचं वाटतं.

मग कोणतं काडतूस निवडू?

बहुतेक मंडळींना मी .२२-२५० सुचवतो. ३०० यार्डांपर्यंतच्या कायोटीला त्याहून जास्त काही लागत नाही. काडतुसं लहान गावातल्या दुकानातही मिळतात, रिकाम्या कवचांची टंचाई नसते आणि नव्वद वर्षांचा अनुभव त्याच्या मागे आहे.

.२२० स्विफ्ट त्याहून थोडं वेगवान. ज्याला इतिहासाची ओढ आहे त्याने जरूर घ्यावं. मात्र कवचाची कड अर्धवट बाहेर आलेली असल्याने मॅगझिनमध्ये काडतुसं भरताना काळजी घ्यावी लागते, आणि कारखान्याची काडतुसं आता सहज मिळत नाहीत.

.२०४ रूगर मला मनापासून आवडतं. धक्का इतका कमी की बार काढतानाही कायोटी दुर्बिणीच्या वर्तुळातून निसटत नाही. गोळी कुठे लागली ते स्वतःच्या डोळ्यांनी दिसतं, दुसरा बार लागेल की नाही ते तिथेच कळतं. वारा मात्र त्याला सतावतो. .१७ रेमिंग्टन कातडं टिकवणाऱ्यांसाठी. आत शिरताना टाचणीएवढं छिद्र, बाहेर बहुतेक वेळा काहीच नाही. पण इतक्या बारीक नळीत तांब्याचा थर लवकर बसतो आणि साफसफाईची कांडीही खास लागते.

गेल्या काही वर्षांत .२२ क्रीडमूरचं नाव जोरात आहे. जड, लांबट गोळी आणि तरीही ३,३०० फुटांच्या आसपास वेग. ४,००० च्या तुलनेत हा आकडा ऐकायला कमी वाटतो. पण ४०० यार्डांवर वारा वाहत असताना हाच पर्याय जास्त खरा ठरतो. त्याचं कारण पुढे दिलं आहे.

४,१०० आणि ३,६८० यांत प्रत्यक्ष रानात किती फरक पडतो?

दोन्ही रायफली २०० यार्डांवर अचूक लावल्या असं धरा. ३,६८० ने निघालेली ५५ ग्रेनची गोळी ३०० यार्डांवर सुमारे सहा इंच खाली लागते. ४० ग्रेनची, ४,१०० च्या पुढची गोळी त्याच अंतरावर तिच्याहून इंच-दीड इंच वर राहते, एवढंच. चारशे फुटांच्या फरकाचं फळ म्हणजे इंच-दीड इंच. पुढे तर हलकी गोळी हवेत झपाट्याने वेग गमावते आणि तोही फायदा आटत जातो.

आणि वारा?

खरी परीक्षा तिथेच आहे. गोळी किती पडणार हे ठरलेलं असतं, तक्त्यात बघता येतं. वारा मात्र दर मिनिटाला बदलतो. ताशी १० मैलांचा आडवा वारा ५५ ग्रेनच्या वेगवान गोळीला ३०० यार्डांवर आठ-नऊ इंच ढकलतो. नेम धरायची जागा चार-पाच इंचांची आहे हे आठवून बघा. ७५ ग्रेनची लांबट गोळी ३,३०० ने निघूनही त्याच वाऱ्यात पाच इंचांच्या आतबाहेर राहते. पश्चिम टेक्सासात वारा नसलेली सकाळ क्वचितच उगवते. म्हणून मी म्हणतो, सुरुवातीच्या वेगापेक्षा टिकून राहणारा वेग बघा.

नळीतला पीळ म्हणजे काय? तो कसा ठरवायचा?

नळीच्या आतल्या आट्यांमुळे गोळी भोवऱ्यासारखी फिरते आणि तोंड पुढे ठेवून सरळ जाते. १४ इंचांत एक फेरा म्हणजे चौदाचा पीळ. जुन्या .२२-२५० मध्ये तोच असे. ५५ ग्रेनपर्यंतच्या आखूड गोळीला तो पुरतो. ७५-८० ग्रेनची लांबट गोळी त्यात डळमळते, तिला आठचा पीळ लागतो.

इथे एक हिशेब करून बघण्यासारखा आहे. ४,००० फुटांचा वेग आणि चौदाचा पीळ असेल तर गोळी मिनिटाला दोन लाखांहून जास्त फेरे घेते. तोच वेग आणि आठचा पीळ असेल तर ३ लाख ६० हजार. पातळ आवरणाची हलकी गोळी हा ताण सोसत नाही. नळीपासून काही यार्डांवर हवेत राखाडी फुरका उठतो आणि लक्ष्याच्या कागदावर छिद्रच नसतं. गोळी वाटेतच फुटलेली असते. म्हणून आधी गोळी ठरवा, मग पीळ, मग नळी मागवा. उलट क्रमाने गेलात तर महागडी नळी घेऊन तिला पचणारी गोळी शोधत फिराल.

अशी नळी किती बार टिकते?

हा प्रश्न सगळ्यांत शेवटी विचारला जातो, खरं तर तो पहिला हवा. .२२३ आणि .२२-२५० या दोन्हींचं भोक एकाच मापाचं, पण .२२-२५० च्या कवचात दारू जवळपास दीडपट मावते. म्हणजे तेवढ्याच अरुंद वाटेने दीडपट जळता वायू जातो. त्याचं तापमान पोलाद वितळण्याच्या मर्यादेच्या कितीतरी वर असतं. नळी वितळत नाही ती केवळ हे सगळं एक-दोन सहस्रांश सेकंदात उरकतं म्हणून. पण चेंबरच्या, म्हणजे काडतूस बसतं त्या खोबणीच्या पुढे, जिथे आटे सुरू होतात तो घसा, प्रत्येक बाराला थोडा थोडा करपत जातो.

नळीत घालून बघायचा बारीक कॅमेरा मिळतो. हजारेक बार झालेल्या वेगवान नळीच्या घशात तो घातला की पडद्यावर उन्हाने तडकलेल्या तळ्याच्या गाळासारखं जाळं दिसतं. चेंबरजवळच्या आट्यांच्या कडा बोथट झालेल्या, पुढे सरकत जावं तशा त्या पुन्हा धारदार होत गेलेल्या. त्या भेगांत गोळीचं तांबं खरवडून बसतं आणि अचूकपणा आधी हळूहळू, मग एकदम जातो.

ढोबळ आकडे असे: .२२३ ची नळी चार-पाच हजार बार सहज देते. .२२-२५० आणि स्विफ्टची दीड ते अडीच हजार. त्याहून जास्त दारू जाळणाऱ्या घरगुती जातींची हजाराच्या आतच आटोपते. कायोटीच्या शिकारीत दिवसाला चार-दोनच बार निघतात, त्यामुळे नुसत्या शिकारीसाठी दीड हजारही पुष्कळ वर्षं पुरतात. नळी मरते ती सरावाच्या मैदानावर. दहा-पंधरा बार लागोपाठ काढले आणि नळीला हात लावता येईना, की आयुष्य वेगाने घटतं. तीन-चार बार काढा, बोल्ट (नळीचं मागचं तोंड बंद करणारा दांडा) उघडा ठेवा, नळी गार होऊ द्या.

दारू थोडी वाढवून वेग मिळवता येणार नाही का?

नाही, आणि यात माझ्याकडे कसलीही सवलत नाही. .२२-२५० ची मान्य कमाल दाबमर्यादा प्रति चौरस इंच ६५,००० पौंड आहे. तुमचा चेहरा त्या दाबापासून काही इंचांवर असतो. काडतूस घरी भरत असाल तर छापील पुस्तकातल्या किमान मापापासून सुरुवात करा आणि कमाल मापापुढे कधीही जाऊ नका. बोल्ट उचलायला जड जाणं, प्रायमर (कवचाच्या बुडातली ठिणगी देणारी टोपी) चपटा होणं, कवचाच्या बुडावर चकचकीत डाग उमटणं ही थांबण्याची लक्षणं आहेत, आणि ती दिसेपर्यंत मर्यादा बहुधा ओलांडलेली असते. जास्त वेग हवा असेल तर लांब नळी घ्या. अशा काडतुसांत नळीच्या प्रत्येक इंचामागे साधारण २५ ते ३० फूट मिळतात. २६ इंच ही मला योग्य वाटणारी लांबी.

बनवून घेतलेल्या रायफलीत कारागीर नेमकं काय करतो?

नळी कोरी येते. आत आटे असतात, पण चेंबर नसतं. ती लेथवर चढवून कारागीर बाहेरच्या अंगाला नव्हे, तर आतल्या भोकाला केंद्र धरून बसवतो. सुईच्या टोकाचं मापक भोकात फिरतं आणि इंचाच्या दहा हजाराव्या भागापर्यंतचा डगमग दिसतो. मग मागच्या बाजूला, नळी रायफलीत घट्ट बसावी म्हणून, स्क्रूसारखे आटे पाडायचे, चेंबर कोरायचं, दर काही फेऱ्यांनी हत्यार बाहेर काढून कीस पुसायचा, तेल घालायचं, पुन्हा आत. शेवटी मापाच्या दोन ठोकळ्यांनी तपासणी होते: एकावर बोल्ट बंद झालाच पाहिजे, दुसऱ्यावर होता कामा नये. हे काम धीराचं आहे. परवानाधारक, नाव असलेल्या कारागिराकडेच ते द्या आणि त्याला वेळ द्या.

अमेरिकेत क्रीगर आणि बार्टलाइन विस्कॉन्सिनमध्ये, शायलन टेक्सासात आणि लिल्या मोंटॅनात नळ्या घडवतात. कोणाचीही घ्या, फारसा फरक पडणार नाही. फरक पडतो चेंबर कोरणाऱ्याच्या हातामुळे.

दस्ता लाकडाचा सुंदर दिसतो, पण दमट हवेत फुगतो आणि नेम सरकतो. फायबरचा घ्या. चाप दोन ते अडीच पौंडांवर सुटणारा पुरे. हिवाळ्यात हातमोजे घालून त्याहून हलका चाप धोक्याचा.

एकंदर खर्च किती येईल?

कोरी नळी साधारण चारशे डॉलरच्या घरात, चेंबर कोरून बसवण्याची मजुरी जवळपास तेवढीच किंवा जास्त. खास घडवलेली ॲक्शन (बोल्ट ज्यात सरकतो तो मधला सांगाडा) हजार ते दीड हजार. दस्ता, चाप, मॅगझिन धरून अडीच ते साडेतीन हजारांत रायफल उभी राहते. दुर्बीण वेगळी, आणि तिच्यावर काटकसर करू नका. पैसे मोजकेच असतील तर जुनी धडधाकट रायफल घेऊन तिला चांगली नळी बसवून घ्या. निम्म्या पैशांत नव्वद टक्के काम होतं.

दुर्बीण किती पट मोठं दाखवणारी असावी?

खालचं टोक चारपटीच्या आत हवं. ससा ओरडल्याचा आवाज काढणारं यंत्र लावून बसलात की कायोटी कित्येकदा पन्नास यार्डांच्या आत येतो आणि मोठेपणा जास्त असेल तर नुसते केसच दिसतात. ३ ते १५ पट किंवा त्याच्या जवळपासची पुरेशी आहे. एकूणच, बहुतेक कायोटी २०० यार्डांच्या आत मारले जातात. ५०० यार्डांच्या गप्पा चालतात त्या बंदुकीच्या दुकानात.

मी एच-१बी व्हिसावर आहे. मला रायफल घेता येईल का?

इथे अनेक जण अडचणीत येऊ शकतात, म्हणून नीट वाचा. अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यानुसार स्थलांतरित नसलेल्या व्हिसावर, म्हणजे एच-१बी, एल-१, एफ-१, बी-२ वगैरेंवर असलेल्या माणसाला बंदूक किंवा काडतुसं बाळगायला बंदी आहे. मित्राची रायफल मैदानावर हातात घेणंही त्यात येऊ शकतं. मात्र अपवाद आहेत. त्यांतला सर्वांत नेहमीचा म्हणजे अमेरिकेतल्या कोणत्याही राज्याचा वैध शिकार परवाना. तो चालू मुदतीचा असेल तर बंदी लागू होत नाही. मुदत संपली की अपवादही संपतो. ग्रीन कार्डधारकांना ही बंदी नाही. दुकानात ४४७३ क्रमांकाचा अर्ज भरावा लागतो आणि त्यातलं खोटं उत्तर हा गंभीर गुन्हा आहे. इमिग्रेशनचा अर्ज प्रलंबित असेल तर आधी वकिलाला विचारा, रायफल नंतर.

राज्यांचे नियम वेगळे. टेक्सासात कायोटीला बंद हंगाम नाही आणि संख्येची मर्यादा नाही, पण शिकार परवाना घ्यावा. २ सप्टेंबर १९७१ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना शिकार-शिक्षणाचा वर्ग सक्तीचा आहे. तिथली बहुतेक सगळी जमीन खाजगी, तेव्हा मालकाची परवानगी हातात असल्याशिवाय कुंपण ओलांडू नका. व्हायोमिंगमध्ये कायोटी ‘उपद्रवी हिंस्र प्राणी’ या वर्गात मोडतो. कॅलिफोर्नियात १ जुलै २०१९ पासून शिकारीसाठी शिशाची गोळी पूर्ण बंद आहे. शिसं असलेली आतडी खाऊन कोंडोर गिधाडं मरत होती, हे त्यामागचं मोठं कारण. तांब्याच्या गोळ्या त्याच वजनाला लांब असतात, म्हणजे पुन्हा पिळाचा प्रश्न आला. तिथे राहत असाल तर नळी मागवण्याआधीच हे लक्षात घ्या.

कायोटी आणि लांडगा यांत गल्लत होऊ शकते का?

होते, आणि परिणाम वाईट असतात. ॲरिझोना आणि न्यू मेक्सिकोत मेक्सिकन लांडगा संरक्षित आहे. लांडग्याचं तोंड रुंद आणि बोजड, कान तुलनेने आखूड आणि गोलसर, पाय लांब, पंजे मोठे. कायोटीचं तोंड निमुळतं, कान उभे आणि टोकदार. पहाटेच्या धूसर उजेडात जरा जरी शंका आली तर चापावरचं बोट बाजूला घ्या.

कायोटी मारल्याने मेंढपाळांचा खरोखर फायदा होतो का?

मर्यादित. टेक्सासातल्या सॅन अँजेलोच्या आसपासच्या मेंढ्या-बकऱ्यांच्या मुलखात, करडं जन्मतात त्या दिवसांत कळपाजवळ घोटाळणारा ठरावीक कायोटी काढला तर नुकसान थांबतं, हे मेंढपाळ सांगतात आणि ते पटण्यासारखं आहे. पण सरसकट मारून संख्या घटत नाही. केंद्र सरकारचा वन्यजीव सेवा विभाग दर वर्षी ५० हजारांहून जास्त कायोटी मारतो आणि तरीही तो प्राणी नव्या प्रदेशात पसरतोच आहे. कायोटींची संख्या घटली की जास्त माद्या वितात आणि पिल्लंही जास्त जगतात. दर वर्षी सत्तर टक्क्यांच्या आसपास मारले तरच संख्या खाली येते, असा निष्कर्ष १९७० च्या दशकातल्या अभ्यासांतून निघाला होता. त्यामुळे ‘मी निसर्गाचं संतुलन राखतो’ असं कोणी म्हणत असेल तर मी सहमत नाही. शिकार करा, कातडं वापरा, शेतकऱ्याला त्रास देणारा प्राणी काढा. एवढी कारणं प्रामाणिक आहेत. थंडीतलं कातडं उत्तम असतं; वसंतात पिल्लं बिळात असताना विनाकारण मादी मारू नये, असं माझं ठाम मत आहे. कायद्याने बंदी नसली तरीही.

अशी रायफल महाराष्ट्रात आणता किंवा बनवता येईल का?

तो विचारच सोडून द्या. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार आपल्याकडे शिकारीवर बंदी आहे आणि कोल्हा, लांडगा दोघेही संरक्षित आहेत. शस्त्र कायदा, १९५९ नुसार परवान्याशिवाय बंदूक बनवणं किंवा तिच्यात बदल करणं हा गुन्हा आहे. नेमबाजीची आवड असेल तर रायफल क्लबचा मार्ग खुला आहे, आणि कोल्हापूरच्या मातीतून निघालेल्या स्वप्निल कुसाळेने २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल प्रकारात कांस्य मिळवून तो किती लांब जातो ते दाखवलं आहे.

नळी संपली की रायफल वाया जाते का?

मुळीच नाही. ॲक्शन, दस्ता, चाप सगळं तसंच राहतं. जुनी नळी काढून नवी बसवायची. .२२-२५०, .२४३ विंचेस्टर, .३०८ आणि क्रीडमूर घराण्याच्या कवचांचं बूड एकाच मापाचं आहे, म्हणून बोल्टही तोच चालतो. काही जण पहिल्या ऑर्डरच्या वेळीच एकाच कारागिराकडून दोन नळ्या कोरून घेतात, एक हलक्या गोळीची चौदाच्या पिळाची आणि एक जड गोळीची आठच्या पिळाची. पहिली पहाटेच्या निवांत हवेसाठी, दुसरी दुपारच्या वाऱ्यासाठी. हजार बार झाले की घसा कॅमेऱ्याने तपासून घ्या, बारांची नोंद एका वहीत ठेवा आणि दुसरी नळी आधीच मागवून ठेवा, कारण चांगल्या नळीसाठी कित्येक महिने थांबावं लागतं.